जर्मनीतील वाणसामान : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातून जर्मनीत राहावयास गेलेल्या कुटुंबांत वाणसामानाविषयी जे समज रूढ आहेत, त्यांचे मूळ बहुधा एकाच गोष्टीत सापडते : मायदेशी ओळखीच्या वाण्याला विचारून मिळणारी माहिती तेथे वेष्टनावर छापलेली असते आणि ती वाचण्याची सवय अंगवळणी पडलेली नसते.

गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर 405, 550, 1050 असे आकडे असतात आणि ते दळणाचा बारीकपणा दर्शवितात, असे अनेकांना वाटते. वस्तुतः पीठ जाळल्यावर शंभर ग्रॅम कोरड्या पिठामागे किती मिलिग्रॅम राख उरते, याचा तो आकडा होय. कोंड्यात खनिजे अधिक असल्यामुळे आकडा वाढतो तसा कोंड्याचा अंश वाढतो. म्हणून 405 क्रमांकाचे पीठ आपल्या मैद्याच्या जवळ जाते, तर ‘फोलकोर्न’ म्हणजे अख्ख्या गव्हाच्या पिठावर असा क्रमांकच नसतो. मात्र फोलकोर्न पिठाचीही पोळी चिवट किंवा कडक होते, तेव्हा सारा दोष तेथील गव्हाच्या माथी मारला जातो, हे न्याय्य नाही. दगडी जात्यात दळताना स्टार्चचे कण अधिक प्रमाणात फुटतात व असे कण पाणी जास्त धरून ठेवतात. चक्कीच्या पिठाची कणीक मऊ राहते त्यात दळणाच्या या पद्धतीचा मोठा वाटा असतो. कणकेत पाणी थोडे वाढवून ती झाकून अधिक वेळ मुरू दिल्यास फरक पडतो, अन्यथा भारतीय दुकानातील चक्की आटा आहेच.

शाकाहारी कुटुंबांचा घोटाळा याहून गंभीर असतो. भारतात अंडे असलेल्या पदार्थाला हिरवी खूण मिळत नाही. युरोपात मात्र ‘शाकाहारी’ या संज्ञेत अंडी सर्रास धरली जातात आणि हिरव्या-तपकिरी चिन्हांसारखी सक्तीची खूणही तेथे नाही. येथे ॲलर्जीविषयक नियम उपयोगी पडतो : अंडी, दूध, शेंगदाणे इत्यादी 14 घटक यादीत ठळक छापणे युरोपीय संघात बंधनकारक असल्याने अंडे चटकन सापडते. चीजची गोष्ट वेगळी आहे. दूध फाडण्यासाठी वापरले जाणारे रेनेट हे विकर वासराच्या जठरातील असू शकते आणि त्याचा उगम सांगण्याची सक्ती नाही. पार्मेझान, अर्थात पार्मिजानो रेज्जानो, तर प्राणिज रेनेटनेच बनते.

महिनोन्‌महिने टिकणाऱ्या ‘हा-मिल्श’ दुधात टिकवणारी रसायने असतात, हा समज निराधार आहे. ते काही सेकंद 135 अंश सेल्सियसच्या पुढे तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेले असते, त्याला विरजणही लागते, फक्त खोके उघडल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांत संपवावे लागते. तारखेबाबतही असेच होते. ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’ ही गुणवत्तेची हमी देणारी तारीख असून ती उलटली म्हणून डाळ किंवा बिस्किटे फेकण्याचे कारण नाही; खिम्यासारख्या नाशवंत मालावरील ‘त्सू फेरब्राउखेन बिस’ ही तारीख मात्र काटेकोरपणे पाळावी.

पाण्याच्या बाटलीसाठी फळीवरील किमतीपेक्षा बिलात जास्त रक्कम दिसली, तर ती फसवणूक नव्हे. छापील किमतीत कर धरलेला असतो. वरचे 25 सेंट हे ‘फांड’ म्हणजे एकवार वापराच्या बाटलीची अनामत असून, रिकामी बाटली दुकानातील यंत्रात घातल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीवर ती परत मिळते.

राहता राहिला सामानाच्या बॅगेचा प्रश्न. घरचा खाऊ स्वतःसाठी नेला तर चालतो, ही समजूत लाडू-पेढ्यांपाशीच गोत्यात आणते. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई असल्याने साजूक तूप व पेढे सीमाशुल्क तपासणीत जप्त होऊ शकतात. तान्ह्या मुलांच्या दूध-पावडरीला ठरावीक अटींवर दोन किलोपर्यंत सवलत आहे. 14 डिसेंबर 2019 पासून ताज्या भाज्या-फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नारळ, केळी, अननस, खजूर व ड्युरियन एवढेच त्यातून वगळलेले आहेत, कढीपत्ता नव्हे.