राहण्याची जागा आणि नैसर्गिक आपत्तींची भीती

समजा, तुम्हाला गुवाहाटीत नोकरी लागली आहे. घरी सांगताच पहिला प्रश्न येतो, "तिकडे भूकंप होतात ना?" चेन्नई म्हटले की पूर आठवतो, भुवनेश्वर म्हटले की चक्रीवादळ. प्रश्न रास्त आहे. पण तो शहराच्या नावापाशीच थांबतो आणि तिथेच गफलत होते.

आपत्ती व्यवस्थापनात धोका आणि जोखीम हे शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. भूकंप, पूर, वादळ या घटना म्हणजे धोका. त्या घटनेने तुमचे किती नुकसान होऊ शकते, ही जोखीम. जोखीम तीन गोष्टींवर ठरते: घटना किती वेळा आणि किती जोराने घडते, तुमचे घर तिच्या वाटेत आहे का, आणि ते घर तडाखा सोसू शकते का. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन बऱ्याच अंशी आहेत.

किल्लारीचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. तरीही हजारो माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आपल्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारा तोच जाडपणा त्या पहाटे जिवावर उठला. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारताना पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले आणि दोन ते पाच अशी चार क्षेत्रे ठेवण्यात आली.

आता आसामकडे पाहा. १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथे लाकडी चौकट, वेताच्या किंवा बांबूच्या कुडाच्या लिंपलेल्या भिंती आणि हलके छप्पर अशी घरे रूढ झाली. धोका सर्वाधिक, पण घर हलके. अशा घराची भिंत पडली तरी तिच्याखाली जीव जाण्याची शक्यता कमी असते. आज त्यांच्या जागी काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत आहेत. काँक्रीट वाईट नाही. वाईट बांधलेले काँक्रीट मात्र घातक ठरते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींच्या तळमजल्यावर वाहनतळासाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. वरचे मजले ताठ आणि खालचा मोकळा असला, की हादऱ्यात सगळी वाकण्याची क्रिया त्या खांबांवर येते. म्हणून सदनिका पाहायला जाल तेव्हा आधी वाहनतळात उभे राहा. खांबांच्या मधे कुठे काँक्रीटची सलग भिंत आहे का ते बघा, आणि संरचना अभियंत्याचा दाखला मागा.

पुराचे गणित वेगळे आहे. इथे प्रश्न उंचीचा असतो आणि एकाच गल्लीच्या दोन टोकांना उत्तर बदलू शकते. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात: निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून आपण निर्धास्त होतो. पण नेमक्या लाल रेषेवरच्या घरात एका वर्षी पाणी न येण्याची शक्यता ०.९९ असेल, तर सलग ३० वर्षे न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. घराचे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता २६ टक्के झाली! निळ्या रेषेवर हाच आकडा ७१ टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय हे आकडे मागच्या नोंदींवरून काढलेले असतात. सांगली-कोल्हापूरकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले.

नकाशा हाती नसेल तर वस्तीची नावे वाचा. तळे, ओढा, खाजण, कन्नडमधले केरे, तमिळमधले एरी असे शब्द नावात दिसले, तर तिथे पाण्याचा मुक्काम होता असे समजून पुढची चौकशी करा. कोपऱ्यावरचा जुना दुकानदार गेल्या पुरात पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवतो. दलालाच्या बोलण्यापेक्षा ती खूण खरी.

चक्रीवादळाला आधी सूचना मिळते, आणि त्याने फार मोठा फरक पडतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलीन वादळात त्याच किनाऱ्यावर लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले.

दरडीच्या बाबतीत मात्र भीतीचेच ऐकावे असे माझे मत आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमधल्या मुंडक्कई आणि चूरलमला इथे दरड कित्येक किलोमीटर नदीच्या पात्रातून खाली आली. तशा लोंढ्यापुढे मजबूत घराचाही टिकाव लागत नाही. तिथे वाटेत न राहणे हाच उपाय. ज्यांची रोजी चहाच्या मळ्यात आहे त्यांना तो परवडतोच असे नाही. म्हणून पुनर्वसन हा सरकारी जबाबदारीचा विषय आहे.

पुन्हा गुवाहाटीकडे येऊ. तिथे अनिल नगरसारख्या सखल वस्त्यांत पावसाळ्यात वारंवार पाणी भरते, आणि डोंगर कापून वसलेल्या घरांवर दरडी येतात. मोठा भूकंप कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही; पाऊस दर वर्षी येतो. तेव्हा घर पाहायला जमल्यास जूनमध्येच जा. उतारापासून दूर, रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच जोत्याची, तळमजल्याला भिंती असलेली इमारत शोधा, मग कार्यालय दोन किलोमीटर लांब पडले तरी चालेल. फक्त ते अंतर वीस किलोमीटर होऊ देऊ नका. देशात रस्ते अपघातांत दर वर्षी दीड लाखाहून अधिक माणसे जातात, आणि घर बघताना हा धोका कुणीच विचारत नाही.