गॅलियमची अडुसष्ट मिनिटं

"काका, अंगठी, घड्याळ, पट्टा सगळं काकूंकडे द्या. आणि ही बाटली आता हळूहळू संपवायची." न्यूक्लिअर मेडिसिन विभागातल्या सिस्टरनी लिटरभर पाणी हातात दिलं. सकाळचे साडेआठ वाजले होते. पुढच्या दारावर किरणोत्साराची पिवळी पाटी होती. त्या दारापलीकडे बायकोला येता येणार नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माझी प्रोस्टेट ग्रंथी कर्करोगासकट काढली. ग्रंथीच उरली नाही म्हटल्यावर रक्तातलं पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवं, आणि तसं ते आलंही होतं. गेल्या वर्षी ते ०.१८ झालं, मग ०.२९, आणि आता ०.४१. शस्त्रक्रियेनंतर आकडा ०.२ वर गेला आणि पुढच्या तपासणीतही खाली आला नाही, तर आजार परतला असं डॉक्टर धरतात. पण तो कुठे परतला, हे रक्त सांगत नाही. ते शोधायला पीएसएमए पेट स्कॅन.

पीएसएमए हे प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर मुबलक असणारं प्रथिन. त्याला नेमका चिकटेल असा रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि शिरेतून सोडायचा. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर देतात. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा साखर फारशी ओढत नाही, म्हणून ही वेगळी वाट. माझ्यासाठीचा अणू होता गॅलियम-६८.

कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. टेक्निशियन मुलाला हे कळल्यावर त्याने उत्साहाने सांगितलं, "सर, आतला जनरेटर म्हणजे आमची गाय. रोज सकाळी धार काढायची." शिशाच्या कवचात जर्मेनियम-६८ असतं. त्याचं अर्धायुष्य २७१ दिवसांचं. ते विघटित होताना गॅलियम-६८ तयार होत राहतं. आम्ल सोडून ते धुऊन काढलं, की काही तासांत पुन्हा साठतं. मला मेंडेलीव आठवला. १८७१ मध्ये त्याने तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांना संस्कृतातला 'एक' जोडून नावं दिली होती: एका-अॅल्युमिनियम, एका-सिलिकॉन. पहिलं १८७५ मध्ये गॅलियम म्हणून सापडलं, दुसरं १८८६ मध्ये जर्मेनियम म्हणून. फळ्यावर कितीदा लिहिलेली ती जोडी पलीकडच्या खोलीत माझ्यासाठी एकत्र काम करत होती.

गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटांचं. दर ६८ मिनिटांनी त्यातलं निम्मं संपतं. म्हणून तर सिस्टर सकाळपासून प्रत्येक पेशंटला फोन करून "निघालात ना?" विचारत होत्या. एकाला उशीर झाला तर मागच्या सगळ्यांचा डोस विरत जातो.

इंजेक्शनची सिरिंज जाड धातूच्या आवरणातून आली. हातात आधीच लावलेल्या सुईतून औषध गेलं, मागून सलाइन, आणि अर्ध्या मिनिटात टेक्निशियन मागे सरला. त्याला रोज कितीतरी जणांच्या इतकं जवळ यायचं असतं. त्याची घाई मला लगेच समजली.

मग तासभर थांबायचं. औषध पेशींवर बसायला आणि बाकीचं रक्तातून निघून जायला तेवढा वेळ लागतो. शेजारच्या खुर्चीवर सांगलीकडचे एक गृहस्थ होते. नाव-गाव व्हायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुमचा किती?" मी सांगितलं. "माझा अकरा," ते म्हणाले. दोघंही आपापल्या बाटलीतलं पाणी पीत राहिलो.

स्कॅनच्या आधी लघवीला पाठवलं. "पूर्ण मोकळं होऊन या काका, घाई करू नका." हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे भरलेलं मूत्राशय पडद्यावर झगझगतं. नेमकी त्याच्या तळाशीच काढलेल्या ग्रंथीची जागा. आजार पुष्कळदा तिथेच परततो आणि त्या झगमगाटात लपू शकतो.

टेबलावर हात डोक्यावर घेऊन पंचवीस मिनिटं निश्चल पडायचं. गॅलियममधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालचं कडं ते दोन्ही एकाच क्षणी टिपतं. अशा असंख्य रेषा एकमेकींना जिथे छेदतात, तिथे अणू. मला यातलं काहीच जाणवत नव्हतं. जाणवत होते ते फक्त भरून आलेले खांदे.

घरी नात तीन वर्षांची. लहान मुलांपासून आजचा दिवस दूर राहा, असं बजावलं होतं. खोलीत बसून मी हिशेब केला: रात्री आठपर्यंत नऊ अर्धायुष्यं, म्हणजे पाचशेव्या भागाहूनही कमी. आठ वाजता दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चित्रं दाखवली. लाळग्रंथी, मूत्रपिंडं, यकृत, लहान आतडं, अगदी अश्रुग्रंथीही उजळल्या होत्या. ते सगळं नेहमीचं. निरोगी शरीरातही या जागा औषध धरतात. बरी होत आलेली बरगडीसुद्धा कधी फसवते. वाचणाऱ्याने यातून अनपेक्षित ठिपका वेगळा काढायचा. माझ्या चित्रांत तसा ठिपका नव्हता. बायकोने हात जोडले.

"दिसलं नाही, एवढंच म्हणता येईल," डॉक्टर शांतपणे म्हणाले. पीएसए इतकं कमी असताना स्कॅन पुष्कळदा कोरा येतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पुंजका कॅमेऱ्याच्या आवाक्यात येत नाही. तो दिसेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा, आकडा लहान आहे तोवर ग्रंथीच्या जागेवर रेडिएशन दिलेलं अधिक गुणकारी.

मला माझी प्रयोगशाळा आठवली. परीक्षानळीत साका पडला नाही की मुलं घाईने 'अनुपस्थित' लिहायची. मी खोडून शेजारी लिहायचो: 'या चाचणीत आढळले नाही.' मुलांना तो शब्दांचा कीस वाटे. आता तेच वाक्य माझ्या फाइलमध्ये होतं. रेडिएशनच्या संमतीपत्रावर मी सही केली.