निर्वात-नलिका विवर्धकातील अनिष्ट रव : स्थाननिश्चिती व कारणमीमांसा

गिटारची तार छेडलेली नसतानाही विवर्धकातून जो ध्वनी ऐकू येतो, त्यास अनिष्ट रव म्हणतात. असा रव उद्भवताच एकामागून एक नलिका बदलत जाण्याची प्रवृत्ती पुष्कळदा आढळते. ती खर्चिक तर आहेच. पण तर्कदृष्ट्याही सदोष आहे. मंडलाच्या आरंभी उत्पन्न झालेला क्षीण रव पुढील टप्प्यांत वाढत जाऊन ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचतो. त्यामुळे केवळ त्याच्या तीव्रतेवरून उगमस्थान कळत नाही. म्हणून ‘काय बिघडले?’ या प्रश्नाआधी ‘कोठे बिघडले?’ हा प्रश्न सोडविणे अवश्य ठरते.

फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अमेरिकन विवर्धकाचे ५एफ६-ए हे मंडल उदाहरणादाखल घेता येईल. त्यात प्रथम १२एवाय७ नलिका, तिच्यानंतर ध्वनिनियंत्रक, नंतर १२एएक्स७ नलिका, परस्परविरुद्ध कलांचे दोन संकेत देणारी कला-विभाजक नलिका आणि शेवटी ५८८१ जातीच्या दोन शक्तिनलिका अशी रचना आहे. ध्वनिनियंत्रक शून्यावर आणताच रव थांबला, तर त्याचा उगम गिटार, जोडतार किंवा पहिली नलिका यांत असला पाहिजे. जोडतार काढल्यावरही नियंत्रक वाढविताच रव परतला, तर गिटार निर्दोष ठरते. नियंत्रक शून्यावर असूनही रव कायम राहिल्यास वीज बंद करून कला-विभाजक नलिका काढावी. नलिकांचे तापक समांतर जोडलेले असल्याने इतर नलिका चालूच राहतात. त्यानंतरही रव ऐकू आला, तर दोष शक्तिनलिकांच्या टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात आहे, हे निश्चित होते.

स्थान ठरल्यावर रवाचे स्वरूप पाहावे. भारतात प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने, तर अमेरिकेत ६० आहे. तापकांच्या तारांतून किंवा रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी गुणगुण मुख्यतः याच वारंवारतेची असते. पूर्णतरंग एकदिशीकरणानंतर उरणारी ऊर्मी मात्र दुप्पट वारंवारतेची असते. हा भेद ओळखण्यास गिटारच उपयोगी पडते. प्रचलित स्वरमेळात सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील स्वर ९८ आवर्तनांचा, म्हणजे १०० च्या अगदी निकटचा असतो. ५० आवर्तनांची गुणगुण त्याच्या एक सप्तक खाली ऐकू येते.

तथापि १०० आवर्तनांची गुणगुण म्हणजे गाळणीचे धारित्र निकामी झाले, असे मानणे घाईचे होईल. शक्तिनलिकांची जोडी समतोल असता त्यांच्या प्रवाहांतील ऊर्मी उत्पादन-रोहित्राच्या दोन अर्ध्या वेटोळ्यांत परस्परांस छेदतात. एक नलिका अधिक प्रवाह घेऊ लागली, की हे संतुलन बिघडते आणि धारित्रे उत्तम असूनही गुणगुण सुरू होते. यासाठी दोन्ही नलिकांचे प्रवाह मोजूनच निर्णय करावा. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली ज्याच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्या दुहेरी वेटोळ्याच्या ध्वनिग्राहकाचे तत्त्वही अशाच परस्पर-निरसनाचे आहे. एकेरी वेटोळ्याची गिटार हातात फिरवली असता गुणगुण कमी-अधिक होते. तीत दोष विवर्धकाचा नसतो.

सळसळीचा विचार वेगळा आहे. नलिकेतील इलेक्ट्रॉनप्रवाहाच्या कणरूपामुळे होणारा रव शॉट्की यांनी १९१८ साली, तर रोधकातील औष्णिक रव जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ साली स्पष्ट केला. २७ अंश सेल्सियस तपमानात, २०,००० आवर्तनांच्या पट्ट्यात, ६८,००० ओहमचा रोधक सुमारे ४.७ मायक्रोव्होल्ट रव देतो. तेव्हा थोडी सळसळ राहणारच. ती अवाजवी असली किंवा तडतड होऊ लागली, तर धनाग्राचा जुना कार्बन-रोधक प्रथम तपासावा.

या तपासणीत प्राणाचा प्रश्न गुंतलेला आहे. या मंडलातील दाब ४०० व्होल्टांहून अधिक असतो व वीज बंद केल्यावरही धारित्रांत टिकू शकतो. तो रोधकामार्फत उतरवून, मापकाने खात्री केल्याविना आत हात घालू नये. दोन उपकरणांच्या भूसंपर्कांतून वलय बनून गुणगुण येते, तेव्हा भूसंपर्काची तार तोडणे हा उपाय नव्हे. संकेतमार्गात विलगन-रोहित्र घालणे हा उपाय होय. १९७२ साली स्वॉन्सी येथे भूसंपर्क नसलेल्या ध्वनिग्राहकास स्पर्श होऊन गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावरच मृत्युमुखी पडले. रव शमविताना संरक्षण काढून घेतले जात नाही ना, हे प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी पाहिलेच पाहिजे.