राजश्री देशपांडे : पडदा आणि पांढरी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरातले कॅमेरे फलाटावर होते. पाऊस पडला आणि कॅमेरे गेले. नांदेड, लातूर, परभणीच्या माणसाला हे नवं नाही. दुष्काळात येणारे बरेच असतात, दुष्काळ सरल्यावर थांबणारे थोडे. त्या दुष्काळी वर्षांत औरंगाबादजवळच्या पांढरी गावात काम सुरू करून पुढेही तिथे येत राहिलेली अभिनेत्री म्हणजे राजश्री देशपांडे.

ती मूळची औरंगाबादची, शेतकरी घरातली. पुण्यात कायदा शिकली, जाहिरात क्षेत्रात रमली, मग ते सोडून अभिनयाकडे वळली. 'तलाश', 'किक' अशा चित्रपटांत बारीकसारीक कामं मिळाली. २०१५ च्या 'अँग्री इंडियन गॉडेसेस'मधली घरकाम करणारी लक्ष्मी लोकांच्या लक्षात राहिली. त्यानंतरचा तिचा 'एस दुर्गा' हा मल्याळम चित्रपट २०१७ मध्ये रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात टायगर पुरस्कार घेऊन आला. त्याच वर्षी गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या यादीतून मात्र माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने तो काढून टाकला. नंदिता दास यांच्या 'मंटो' चित्रपटात ती लेखिका इस्मत चुगताई झाली.

२०१८ मध्ये 'सेक्रेड गेम्स' या मालिकेतली सुभद्रा आली. त्या मालिकेतला एक प्रसंग कापून लोकांनी मोबाइलवर फिरवला आणि तिला नको ती नावं ठेवली. तिने मान खाली घातली नाही. आपण केलं ते कथेला हवं होतं आणि त्याची आपल्याला लाज नाही, असं तिने उघडपणे सांगितलं. लहान शहरातून आलेल्या मुलीने हे बोलायला किती बळ लागतं, ते आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

त्याच २०१८ मध्ये तिने नभांगण फाउंडेशन ही संस्था उभी केली. पांढरीतलं काम त्याआधीच सुरू झालं होतं. गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणी अडवायचं, गाळ काढायचा, शौचालयं बांधायची, शाळेची नवी इमारत उभी करायची. यातलं एकही काम एका भेटीत होत नाही. ग्रामसभा घ्यावी लागते, कागद हलवावे लागतात, रुसलेल्यांची समजूत काढावी लागते. नट्यांनी गाव दत्तक घेतल्याच्या घोषणा आपण पुष्कळ ऐकल्या. मला मोल वाटतं ते या चिकाटीचं.

हीच चिकाटी २०२३ च्या 'ट्रायल बाय फायर' या मालिकेत दिसते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागली आणि ५९ माणसं गेली. त्यांत नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं होती. या आईबापांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. मालिकेत राजश्रीने नीलम साकारली. आवाज फारसा न चढवता, रडण्याचा आधार न घेता तिने त्या आईची वर्षं चेहऱ्यावर वागवली. फायली चाळणारे हात, तारखेमागून तारीख ऐकणारे डोळे पाहताना आपल्याकडे कर्जबाजारी नवरा गेल्यावर तहसीलचे हेलपाटे घालणाऱ्या बाया मला आठवल्या. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर ओटीटी पुरस्कार मिळाला. माझ्या मते अलीकडच्या काळात मराठी अभिनेत्रीने हिंदीत केलेलं हे सर्वांत मोठं काम आहे.

जानेवारी २०२४ मध्ये ती 'सत्यशोधक' चित्रपटात सावित्रीबाई फुले झाली. शाळेसाठी झटलेल्या बाईला ही भूमिका मिळाली, हे योग्यच झालं.

एवढं असूनही मराठवाड्यात तिच्याविषयी बोललं जातं ते फार थोडं. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी, नाट्यसंस्थांनी तिला बोलवावं. 'ट्रायल बाय फायर' मुलांना दाखवावी आणि मग तिला अभिनयाबद्दल जेवढं विचारतील, तेवढंच पांढरीतल्या पाण्याबद्दलही विचारावं.