विहिरीची खोली आणि पाइपाची वळणं

मंडळी, पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा व्हिडिओ अधूनमधून मोबाईलवर फिरतो. मग निफाडमधलं एखादं पोर आम्हाला विचारतं, "सर, गोदावरी उशाशी असताना डिझेल कशाला?" आम्ही सांगतो, बाळा, पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून झाल्यावर जे उरतं ते पाणी. ती राखच म्हण ना! त्यातून हायड्रोजन परत काढायचा तर जळताना मिळाली तेवढी ऊर्जा आधी मोजावी लागते.

हा हिशेब विहिरीवरून समजून घेऊ. पाणी साठ फुटांवर असेल तर ते साठ फूट उचलावंच लागतं. पण पाइप बारीक, वळणं फार, फूटव्हॉल्व्ह चोंदलेला असेल, तर पंपाला ऐंशी फुटांचा जोर पडतो. साठ फूट निसर्गाचे. वरचे वीस आपले.

इथेही तसंच. १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ किलो पाणी आणि ३९.४ युनिट ऊर्जा लागते. ही झाली विहिरीची खोली. प्रत्यक्षात आजच्या इलेक्ट्रोलायझरला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. वरची बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन जाते. कार्यक्षमता वाढवायची म्हणजे ही वळणं काढायची.

सगळ्यात मोठं वळण ऑक्सिजनच्या बाजूला आहे. तिथली अभिक्रिया मंद, म्हणून चांगला उत्प्रेरक लागतो. इरिडियम उत्तम, पण दुर्मिळ आणि महाग. म्हणून अल्कधर्मी द्रावणात निकेल आणि लोखंडावर काम चालू आहे. दुसरं वळण म्हणजे द्रावणाचा विरोध आणि इलेक्ट्रोडला चिकटणारे बुडबुडे. त्यासाठी इलेक्ट्रोडमधलं अंतर कमी करतात. तिसरा उपाय, पाण्याऐवजी वाफ फोडणं. ऊर्जेचा काही वाटा उष्णतेनं उचलला की वीज कमी लागते.

पण यंत्र सुधारलं म्हणून प्रश्न सुटत नाही. विजेपासून हायड्रोजन आणि इंधनघटातून पुन्हा वीज केली, तर मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती येतो. मग शेतातला पंप थेट सौर विजेवर चालवलेला काय वाईट? हायड्रोजन तिथे वापरावा, जिथे त्याच्यावाचून अडतं. आपल्या कांद्याला घालतो तो युरिया अमोनियापासून होतो, आणि अमोनियाला हायड्रोजन लागतोच. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचं धोरण आणलं. त्याकडे आपण याच नजरेनं पाहावं.

तेव्हा पाण्यावर चालणारं इंजिन विकायला कुणी दारात आलं, तर भांडू नका. एवढंच विचारा: पाणी फोडायला वीज कुठून आणली, आणि किती युनिट?