चॅनल कोणाला माहीत आहे?

वायरलेस कम्युनिकेशनवर बोलायला उभ्या राहिलेल्या एमटेक-पीएचडीच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर एक प्रश्न हमखास येतो. स्क्रीनवर तेव्हा बहुधा एकच ओळ असते : वाय बरोबर एच गुणिले एक्स, अधिक एन. एक्स म्हणजे टॉवरने पाठवलेला सिग्नल, वाय म्हणजे फोनला मिळालेला, एन म्हणजे नॉइज. आणि एच म्हणजे टॉवर आणि फोन यांच्या मधलं सगळं जग : इमारती, डोंगर, झाडं, धावती बस, फोन धरलेला हात. या सगळ्याला मिळून चॅनल म्हणतात. विद्यार्थी पुढच्या स्लाइडकडे वळणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, "चॅनल कोणाला माहीत आहे?"

"सर, परफेक्ट सीएसआय धरलाय," असं उत्तर येतं. एचची किंमत अचूक ठाऊक आहे असं गृहीत धरलंय, हा त्याचा अर्थ. इथे गाडी थांबते. फक्त रिसीव्हरला ठाऊक, की ट्रान्समीटरलाही? ट्रान्समीटरला कोणी कळवलं? कळवेपर्यंत ती किंमत तीच राहिली का? वीस मिनिटांच्या भाषणातली पाच मिनिटं इथे जातात, आणि माझ्या मते ती त्या दिवसातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं असतात.

हा प्रश्न उगाच अडवणुकीचा नाही. भारतात 5जीसाठी वापरल्या जाणाऱ्या 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींची लांबी साडेआठ सेंटिमीटर भरते. त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर सरकलं, की वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरींची बेरीज पार बदलू शकते. जिथे सिग्नल भरभक्कम होता तिथे तो जवळजवळ शून्यावर येतो. ताशी साठ किलोमीटरने जाणारी एसटी एवढं अंतर अडीच मिलिसेकंदांच्या आसपास कापते. म्हणून टॉवरला सतत ठरलेले, आधीच माहीत असलेले सिग्नल मधे मधे पेरावे लागतात. त्यांना पायलट म्हणतात. ते कसे पोचले हे पाहून फोन एचचा अंदाज बांधतो. पण पायलटसाठी खर्ची पडलेला प्रत्येक क्षण माहिती पाठवण्यातून वजा होतो. अँटेना दोनाच्या चौसष्ट केल्या तर मोजायच्या किमतीही तेवढ्याच पटीने वाढतात. एखाद्या प्रबंधातली घवघवीत वाढ या वजाबाकीनंतर टिकते की नाही, हे तपासायची जागा म्हणजे विद्यार्थ्याचं हे भाषण.

ही भाषणं कुठे होतात? सर्वांत आधी गाइडच्या खोलीशेजारच्या छोट्या सभागृहात, आठवड्याच्या ग्रुप मीटिंगला. मुंबईच्या आयआयटीत पीएचडीच्या विद्यार्थ्याला वर्षातून एकदा एपीएस, म्हणजे अ‍ॅन्युअल प्रोग्रेस सेमिनार द्यावा लागतो. समोर गाइड आणि समिती बसते. शेवटी प्रबंध लिहिण्याआधी प्री-सिनॉप्सिस. बंगळूरच्या आयआयएससीत त्या टप्प्यावर कलोक्वियम असतं. त्याबाहेर एनसीसी आहे. ही छात्रसेना नव्हे, नॅशनल कॉन्फरन्स ऑन कम्युनिकेशन्स. आयआयटी आणि आयआयएससी यांच्या जॉइंट टेलिमॅटिक्स ग्रुपच्या छत्राखाली ती 1995 पासून भरते आणि दर वर्षी संस्था बदलते. 2015 साली ती पवईत झाली. देशातल्या कितीतरी संशोधकांचं आपल्या संस्थेबाहेरचं पहिलं भाषण एनसीसीत झालेलं आहे. सिग्नल प्रोसेसिंगची सगळ्यात मोठी आंतरराष्ट्रीय परिषद आयकास्प. ती 1976 साली फिलाडेल्फियात सुरू झाली आणि भारतात पहिल्यांदा आली 2025 च्या एप्रिलमध्ये, हैदराबादला. परदेशी परिषदेचा व्हिसा आणि विमानभाडं या दोन्हींवर अडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हैदराबाद रात्रीच्या गाडीने गाठता येतं, ही मोठीच गोष्ट होती.

चॅनल मुळात माहीत होऊ शकतो का, हा प्रश्न नीट मांडणारा माणूसही त्या वेळी विद्यार्थीच होता, आणि तो पुण्याचा होता. थॉमस कैलाथ यांचा जन्म 1935 सालचा, पुण्यातला. शाळा सेंट व्हिन्सेंट्स. पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे आजची सीओईपी. तिथून 1956 साली टेलिकम्युनिकेशनमधली बीई घेऊन ते अमेरिकेत एमआयटीला गेले. क्लॉड शॅनन यांचा इन्फर्मेशन थिअरीचा पायाभूत निबंध 1948 चा, त्यामुळे हा विषय तेव्हा दहा वर्षांचाही झाला नव्हता. त्या निबंधातला चॅनल स्थिर होता, वेळेनुसार बदलत नव्हता. कैलाथ यांनी 1959 च्या मास्टर्स प्रबंधात बदलता चॅनल हाती घेतला.

त्यांचा युक्तिवाद दरीच्या काठावर उभं राहून टाळी वाजवल्यासारखा आहे. टाळी वाजवली की प्रतिध्वनी येत राहतात. ते विरेपर्यंत दुसरी टाळी वाजवता येत नाही, नाहीतर कोणता ध्वनी कोणत्या टाळीचा हे कळणार नाही. प्रतिध्वनी जितका वेळ रेंगाळतात तो एक आकडा. पण दरी स्वतःच बदलत असेल, तर फार वेळ थांबूनही चालत नाही. ती सेकंदाला किती वेगाने बदलते हा दुसरा आकडा, ज्याला डॉप्लर स्प्रेड म्हणतात. या दोन आकड्यांचा गुणाकार एकापेक्षा कमी असेल तर चॅनल मोजता येतो. जास्त असेल तर कितीही हुशारी केली तरी येत नाही. विशीतल्या विद्यार्थ्याने काढलेला हा निष्कर्ष. त्याला पूर्ण गणिती सिद्धता 2005 च्या सुमारास मिळाली, कोझेक आणि फान्डर या दोघांकडून.

आपल्या एसटीतल्या फोनसाठी हा गुणाकार करून पाहण्यासारखा आहे. शहरात प्रतिध्वनी साधारण पाच मायक्रोसेकंद रेंगाळतात असं धरू. साठच्या वेगाला 3.5 गिगाहर्ट्झवर डॉप्लर दोन्ही बाजूंनी एकशे चौऱ्याण्णव हर्ट्झ, म्हणजे एकूण चारशेच्या जरासं खाली. गुणाकार येतो सुमारे 0.002. एकापेक्षा पाचशे पटींनी लहान. मोबाइल फोन चालतो त्याचं एक कारण हे आहे. पाण्याखाली मात्र गोष्ट वेगळी. तिथे ध्वनी सेकंदाला दीड किलोमीटरच जातो, प्रतिध्वनी खूप रेंगाळतात, जहाजाच्या साध्या हालचालीनेही डॉप्लर मोठा होतो, आणि गुणाकार एकाकडे सरकू लागतो.

कैलाथ 1961 साली एमआयटीतून डॉक्टर झाले. तिथून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिले विद्यार्थी. 1963 पासून ते स्टॅनफर्डमध्ये शिकवू लागले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पीएचडी आणि पोस्टडॉक संशोधकांची संख्या शंभराच्या वर आहे. त्यांच्या गटात आलेल्यांत भारतीय नौदलाचे एक अधिकारी होते, आरोग्यस्वामी पॉलराज. त्यांची पीएचडी दिल्लीच्या आयआयटीची, आणि नौदलासाठी त्यांनी एपसोह हा सोनार उभा केला होता. पाण्याखालच्या त्या अवघड चॅनलशी झुंजलेला माणूस हवेतल्या चॅनलकडे आला. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक अँटेनांनी वेगवेगळी माहिती एकाच वेळी पाठवायची, आणि चॅनल माहीत असल्याच्या बळावर ती पलीकडे वेगळी काढायची, या कल्पनेचा अर्ज पॉलराज आणि कैलाथ यांनी 1992 साली केला. पेटंट मिळालं 1994 मध्ये. आज घरातल्या वाय-फायपासून 5जीपर्यंत सगळीकडे असलेल्या मायमोच्या, म्हणजे अनेक अँटेनांच्या या तंत्राच्या, मुळाशी ते आहे. सीओईपीच्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, असं मनात येतं आणि वाईट वाटतं.

या क्षेत्रात विद्यार्थ्यांनी केलेली कामं पुढे किती लांब गेली याची उदाहरणं बरीच आहेत. एमआयटीत 1951 साली रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला पर्याय दिला : परीक्षा द्या, नाहीतर टर्म पेपर लिहा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने पेपर घेतला, आणि शॅनन व फॅनो यांना पूर्ण न सुटलेला कोडिंगचा प्रश्न सोडवला. आपण मोबाइलवर पाठवतो त्या जेपेग फोटोंत हफमन कोड आहे. रॉबर्ट गॅलेगर यांनी 1960 च्या पीएचडी प्रबंधात वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करणारे एलडीपीसी कोड मांडले. तेव्हाच्या संगणकांना ते झेपेनात, आणि तीस-पस्तीस वर्षं ते जवळजवळ विस्मरणात गेले. 5जीत डेटा ज्या कोडने जपला जातो तो तोच. कंट्रोल चॅनलवर पोलर कोड आहे, आणि तो शोधणारे तुर्कस्तानचे एर्दाल आरिकान हे गॅलेगर यांचेच विद्यार्थी.

एक भाषण मात्र या सगळ्यांत वेगळं ठरतं. 1993, जिनिव्हा. फ्रान्सचे क्लोद बेरू आणि अ‍ॅलन ग्लाव्हिय, सोबत थायलंडहून आलेला त्यांचा डॉक्टरेटचा विद्यार्थी पुण्या थितिमाज्शिमा, असा तिघांचा निबंध. चुकांशिवाय माहिती पोचवायला सिग्नल किमान किती लागतो याची मर्यादा शॅनन यांनी आखली होती; तिच्या एका डेसिबलच्या आत आपला टर्बो कोड पोचतो, असा त्यांचा दावा. त्या काळी नावाजलेले कोडही त्या मर्यादेपासून बरेच दूर होते. अनेक जाणकारांचा विश्वास बसेना. गणितात कुठेतरी दोनाने गुणायचं-भागायचं राहिलं असणार, तीन डेसिबलची चूक असणार, अशी शंका होती. मग जिथे तिथे लोकांनी आपापल्या प्रयोगशाळेत तो कोड चालवून पाहिला. आकडे तेच आले. शंका रास्तच होती, आणि तिच्या उत्तरादाखल झालेल्या तपासणीमुळेच टर्बो कोड पुढे 3जी आणि 4जीत इतक्या भरवशाने बसला.

दोनाचा हा घोळ आजही भाषणागणिक होतो. म्हणून कोडची कामगिरी दाखवणारा नेहमीचा आलेख जवळून पाहू. आडव्या रेषेवर सिग्नल नॉइजपेक्षा किती मोठा, हे डेसिबलमध्ये. उभ्या रेषेवर चुकलेल्या बिट्सचं प्रमाण, प्रत्येक घराला दहापट खाली. चांगल्या कोडची रेघ थोडी आडवी जाते आणि मग एकदम कोसळते. तिला वॉटरफॉल म्हणतात. जाणकार श्रोता सगळ्यात आधी आडव्या रेषेखालचं नाव वाचतो. ऊर्जा प्रत्येक बिटमागे मोजली की सिम्बॉलमागे? एका सिम्बॉलमध्ये दोन बिट असतील तर नेमका तीन डेसिबलचा फरक पडतो, आणि तीन डेसिबल म्हणजे पॉवर दुप्पट. मग तो रेघेच्या खालच्या टोकाकडे जातो. "हा लाखात एक चुकीचा बिंदू. इथे चुका किती मोजल्या?" विद्यार्थ्याने लाखभर बिटच चालवले असतील तर चूक सापडणार एखादीच, आणि एका चुकीवरून प्रमाण काढता येत नाही. शंभरेक चुका मोजायच्या तर किमान एक कोटी बिट चालवायला हवेत. ते रात्रभराचं काम असू शकतं. शेवटचा प्रश्न त्याहून बोचरा : "याच्या खाली काय होतं?" कारण टर्बो कोडसारख्या कोडची रेघ बरीच खाली गेल्यावर आडवी होऊ लागते, त्याला एरर फ्लोअर म्हणतात. कितीतरी आलेख त्या वळणाच्या जरा आधीच थांबलेले असतात, बहुतेक वेळा वेळ अपुरा पडल्यामुळे.

हे प्रश्न विचारणारा माणूस रागीट नसतो. चांगल्या गटात असे प्रश्न वरच्या वर्गातली मुलंच विचारतात, आणि सर-मॅडम मागे शांत बसून ऐकतात. मुद्दा एवढाच की प्रश्न भाषणाच्या मधेच यावा, शेवटच्या "एनी क्वेश्चन्स?"ची वाट पाहू नये. शेवटी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण पुढच्या वीस स्लाइड तोवर त्याच चुकीच्या पायावर होऊन गेलेल्या असतात.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तिसऱ्या वर्षाला सेमिनार असतो. त्याची आजची अवस्था मला खुपते. विषय इंटरनेटवरून, स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट, दहा मिनिटं वाचन, सही, मार्क. तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडून नवं संशोधन कोणी मागत नाही. पण दुसऱ्याच्या निबंधातली एक आकृती स्वतः पुन्हा काढून दाखव, एवढं मागता येतं. एनसीसीतला एखादा निबंध घ्यावा, त्यातली एक रेघ आपल्या संगणकावर काढावी, आणि ती जुळली नाही तर का जुळली नाही, हेच सांगावं. या विषयात तेवढं बोललं तरी पुष्कळ झालं.

जमिनीवरही काम आपल्याकडे झालेलं आहे. पवईच्या आयआयटीतल्या अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात टीव्हीच्या न वापरलेल्या यूएचएफ पट्ट्यावर गावांना इंटरनेट पोचवण्याची चाचणी उभी केली. 500 मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर अर्ध्या मीटरहून लांब असते. झाडीतून आणि चढ-उतारांच्या प्रदेशातून ती वाय-फायच्या लहरीपेक्षा खूप चांगली निभावते. असं काम केलेला विद्यार्थी बोलायला उभा राहिला की त्याच्या एचमध्ये खरी झाडी असते.

त्यासाठी आयआयटीचाच खर्च लागतो असंही नाही. आरटीएल-एसडीआर नावाचा यूएसबीचा छोटा रिसीव्हर काही हजार रुपयांत मिळतो, सोबत लागणारं जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर फुकट. तो सुमारे 1.7 गिगाहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे 850 आणि 900 मेगाहर्ट्झवरचे 4जी टॉवर त्याच्या टप्प्यात येतात. टॉवर आपले पायलट उघडपणे पाठवतच असतो. ते लॅपटॉपवर टिपले की एचची किंमत मिलिसेकंदागणिक वरखाली होताना दिसते. एकदा कॉलेजच्या गच्चीवर उभं राहून आणि एकदा चालत्या बसमध्ये बसून ही नोंद करावी, दोन्ही आलेख एकाखाली एक लावावेत, बसचा वेग डॉप्लरशी जुळतो का ते पाहावं. सेमिनारला एवढ्याच स्लाइड पुरेत, आणि वीस मिनिटांतली दहा प्रश्नांसाठी राखून ठेवावीत.