माणसाचं इन्सुलिन, यीस्टच्या हातचं!

पाव फुगवणारं यीस्ट मुलांना माहीत असतं. तसलंच एक यीस्ट इन्सुलिनही बनवतं!

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. ते आपल्या स्वादुपिंडात तयार होतं. टाइप १ मधुमेहात ते बनणं थांबतं. मग बाहेरून इन्सुलिन दिल्याशिवाय मूल जगत नाही. पूर्वी ते डुकरांच्या, गाईंच्या स्वादुपिंडातून काढायचे.

१९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घातलं. जनुक म्हणजे पाककृतीची चिठ्ठी. चिठ्ठी कुणाची, हे पेशी बघत नाही. वाचते आणि प्रथिन बनवते. यीस्टकडून असंच करवून घेतलेलं इन्सुलिन वोखार्ट कंपनीने २००३ साली आपल्या संभाजीनगरातून बाजारात आणलं.

वर्गात विचारून बघा: चिठ्ठी माणसाची, स्वयंपाकी यीस्ट, मग इन्सुलिन कुणाचं?